उलटी भरलेली कॉइल

मी, खाली सही करणार, श्रीमती झुंबरबाई भ्र. सुकदेव चौधरी, वय वर्षे एकोणसाठ, धंदा मोटार वाइंडिंग, राहणार नेरी नाका, जळगाव, हा कागद माझ्या दुकानाच्या टेबलावर बसून, दिवसाउजेडी, स्वतःच्या हाताने लिहून ठेवते. माझ्यामागे माझ्या वस्तूंचे काय करायचे ते यात आहे. कोणी काय कबूल करायचे तेही आहे.

वकीलसाहेबांनी आधी मसुदा टाइप करून दिला होता. त्यात माझ्या नावापुढे 'धंदा घरकाम' असं छापलं होतं. मी विचारलं, हे कोणाचं नाव? ते म्हणाले, अक्का, बाईमाणसाच्या कागदात तशी पद्धतच आहे, कायद्याने काही बिघडत नाही. मी म्हटलं, कायद्याचं नसेल बिघडत, माझं बिघडतं. तो मसुदा त्यांच्याच टेबलावर ठेवून आले, वाटेत एक दस्ता कोरे कागद घेतले आणि बसले लिहायला. वकीलसाहेबांनी निरोप धाडलाय की मृत्युपत्रात फार पाल्हाळ लावू नये. कागद माझा, मरण माझं. लावीन तेवढा लावीन.

घरदार वाटायला एक पान पुरलं असतं. बाकीची पानं एकाच गोष्टीसाठी आहेत, ती आधीच सांगून टाकते, म्हणजे वाचणाऱ्याला शोधत बसायला नको. धुळ्याच्या लोटन बोरसेच्या गिटारची कॉइल मी भरली. माझे दीर पितांबर यांनी नाही. अकरा वर्षं धुळे-जळगावात ज्याला विचाराल तो त्यांचं नाव घेतो. मी आहे तोवर मला हसून सोडून देता आलं. मी गेल्यावर मात्र हे दुकान ज्या पोरीच्या हाती जाणार आहे, तिच्या कामालाही लोक बापाचंच नाव लावतील. ते मला मेल्यावरसुद्धा चालणार नाही.

कलम १. माझी अक्कल ठिकाणावर आहे. डाव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढलाय, डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. दाखल्यावर ज्याचा भरवसा नसेल त्याने कोणतीही जळालेली मोटार माझ्यापुढे आणून ठेवावी, किती नंबरची तार आणि किती वेढे ते मी झाकण उघडायच्या आत सांगते. हा कागद मी कोणाच्या धाकाने किंवा लाडीगोडीने लिहीत नाही. लाडीगोडी करणारे गेले, आणि मला धाक दाखवणारा अजून जन्मायचाय. याआधी मी मृत्युपत्र केलेलं नाही. तसा कागद कोणी दाखवलाच तर तो खोटा समजावा.

कलम २. नेरी नाक्यावरचे दुकान माझे पती कै. सुकदेव झुलाल चौधरी यांच्या पश्चात, आम्हाला मूलबाळ नसल्यामुळे, माझ्या एकटीच्या नावावर झालेले आहे. उतारा सोबत आहे.

यांची नजर लग्नानंतर चार-पाच वर्षांतच अधू झाली. तार दिसेना, बोटं चाचपडायची. त्यांनी मला दार लावून काम शिकवलं. कॉइल कशी भरायची, खाच कशी साफ करायची, वार्निश कधी पाजायचं. मग दुकानात मधोमध पडदा टांगला. पडद्यामागे मी, पडद्यापुढे काउंटरवर यांचे धाकटे भाऊ पितांबर. जामनेरकडचे केळीवाले मोटार जळाली की बैलगाडीत घालून आणायचे आणि म्हणायचे, पितांबरभाऊ, लवकर भरून द्या, बाग सुकतेय. पितांबरभाऊ म्हणायचे, परवा या. आणि मोटार पडद्यामागे यायची. यात लबाडी कोणाच्या मनात नव्हती, माझ्याही नाही. बाईने भरलेली मोटार विहिरीत सोडायला त्या वेळी कोणी धजलं नसतं.

खोटं लिहायचं नाही म्हणून हेही लिहिते. मोटार खोलावी, बेअरिंग ठोकून बसवावं, तर ते पितांबरभाऊजींनीच. त्या कामात त्यांचा हात धरणारा जळगावात नाही. पण कॉइल त्यांनी आयुष्यात एक भरली नाही. बसल्या जागी दहा मिनिटं राहील असा माणूसच नाही तो.

सदर दुकान, आतल्या सर्व सामानासह, मी माझ्या पुतणीला, म्हणजे पितांबर यांची मुलगी सौ. प्रमिला हिला, मालकी हक्काने देत आहे. प्रमिलाचं वय एकोणतीस. नवरा पाइपच्या कारखान्यात आहे. ती रोज सकाळी लूनावर बसून येते आणि पदर खोचून माझ्याशेजारी बसते. बाप म्हणायचा, पोरीच्या हाताला वार्निशचा वास लागला तर सासरी काय म्हणतील? सासरी काही म्हणाले नाहीत. सासऱ्यांची विहिरीवरची मोटार तिनेच भरून दिली, मग काय म्हणणार!

कलम ३. मी राहते ते दोन खोल्यांचे घर हेही सौ. प्रमिला हिलाच देत आहे. पुढच्या खोलीत सध्या पितांबर आणि माझी जाऊ राहतात. त्यांना पोरगी बाहेर काढणार नाही, ते कागदावर लिहायची गरज नाही. एवढंच सांगणं की भाऊजींनी दुपारचा चहा यापुढे स्वतः करून प्यावा. एकोणचाळीस वर्षं मी केला. चहाची पूड कुठे असते हे त्यांना अजून माहीत नाही.

कलम ४. बँकेतली ठेव आणि माझ्या सोन्याच्या पाटल्या माझी धाकटी बहीण तानुबाई, राहणार शिंदखेडा, हिला द्याव्यात. तिने त्या मोडू नयेत असं मी म्हणणार नाही. मोडाव्यात, खावं, हिंडावं, हौस करावी. आपल्या दोघींच्या आईने एकही हौस केली नाही, त्याची भरपाई कोणीतरी करायला हवी.

कलम ५. अवजारे. हाताने फिरवायचं वाइंडिंग मशीन, त्याच्यावरचा वेढे मोजायचा काटा, मोठा आणि बारीक असे दोन सोल्डरिंग आयर्न, मीटर, आणि माझी वेढ्यांची वही, हे सगळं प्रमिलाचं. वहीत कोणत्या मोटारीला कोणती तार आणि किती वेढे ते लिहिलंय. गाठोड्यातल्या जुन्या लुगड्याच्या चिंध्या फेकू नयेत. बारीक तार चिंधीतून सोडली तरच तुटत नाही, हे मी तीन वेळा तोडून शिकले आहे. ते कसं, ते पुढच्या कलमात.

कलम ६. गिटार. आता सावकाश वाचावे.

१९८५ साली आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, महिना असताना लोटन वना बोरसे नावाचा इसम धुळ्याहून एसटीने आला. चादरीत गुंडाळलेलं काहीतरी पोटाशी धरून काउंटरपुढे उभा राहिला. मला वाटलं, आजारी मूल आहे. चादर सोडली तर आत लाल रंगाची विजेची गिटार. हा धुळ्याच्या एका ऑर्केस्ट्रात वाजवायचा. ट्यूबलाइट लावली की गिटार घुंघुं करायची, स्टेजवरचे मोठे दिवे लागले की गाणं बाजूला आणि भुंगाच ऐकू यायचा. आवाजाचं बटण फिरवलं की खर्र खर्र. धुळ्याच्या रेडिओवाल्यांनी हात टेकले होते. ऑर्केस्ट्राच्या मालकाने बजावलं होतं, आखाजीच्या कार्यक्रमापर्यंत हे दुरुस्त कर, नाहीतर तुझ्या जागी बेंजोवाला आणतो. आमच्या पाटीवर 'सर्व प्रकारच्या कॉइल भरून मिळतील' असं लिहिल्याचं कोणीतरी त्याला सांगितलं, म्हणून तो आला होता.

भाऊजी म्हणाले, "हाई आपलं काम नही शे भाऊ. आठे मोटार भरतस." मी पडद्याआडून हात बाहेर काढला आणि म्हटलं, इकडे द्या.

पाठीमागचं झाकण उघडलं आणि मला घेरीच यायची राहिली. वायरींना गाठी मारलेल्या. हो, गाठी, करदोड्याला मारतात तशा. सोल्डर लावलंय की थुंकून चिकटवलंय ते कळेना. आवाजाच्या बटणातली काजळी झिजून गेलेली. कंडेन्सर फुगलेला. अर्थिंगचा पत्ताच नाही. तारांखाली दोन लांबट कॉइल होत्या, एक मानेकडे, एक तळाकडे, प्रत्येकीच्या पोटाखाली लोहचुंबकाची पट्टी. एक कॉइल तुटलेली, दुसरीत गंज. गिटार तयार करणाऱ्याला मी शिव्या घातल्या त्या इथे लिहीत नाही, वकीलसाहेब हा कागद वाचणार आहेत.

तार पाहिजे होती शेहेचाळीस नंबरची, नंबर वाढला की तार बारीक. आम्ही मोटारीला वापरतो ती अठरा-वीस नंबरची, तिच्यापुढे ही म्हणजे काहीच नाही. तारेचे व्यापारी कन्हैयालालशेठ यांनी मुंबईहून मागवून दिली. रीळ हातात देताना म्हणाले, "अक्का, ही तार नाही, केस आहे केस. शिंकलीस तर गेली." गेलीच. पहिल्यांदा दोन हजार वेढ्यांवर तुटली, मग पाच हजारांवर, मग अगदी संपत आली असताना. पंखा बंद केला. भाऊजींना म्हटलं, दोन तास गिऱ्हाइकाशी बोलू नका. त्यांना ते जमेना, म्हणून चहाला पाठवलं. लुगड्याची चिंधी चिमटीत धरली, तिच्यातून तार सोडली, आणि आठ हजारांजवळ वेढे बसवले. एक कॉइल झाली. दुसऱ्या दिवशी दुसरी झाली. मेणबत्त्या वितळवून त्यांना मेण पाजलं, म्हणजे आतले वेढे हलून शिट्टी मारणार नाहीत. बटणं नवी घातली, कंडेन्सर नवा, सगळीकडे शील्डची वायर. पोकळीला आतून तांब्याचा पातळ पत्रा लावला. जिथे जिथे अर्थिंग पाहिजे तिथून वायर आणून सगळ्या सोल्डरच्या एकाच टाक्यावर मिळवल्या. टाका असा चकचकीत की त्यात तोंड दिसावं.

लोटन आला, सोबत त्याचा भोंगा आणि आवाज वाढवायचं मशीन. दोन्ही कॉइल चालू राहतील असा स्विच मधोमध ठेवला. दुकानात ट्यूबलाइट लावली. त्याने तार छेडली, आणि आवाज कसा यावा? डब्यात कोंडलेल्या कोंबडीसारखा. चिंव. लोटनचं तोंड उतरलं.

भाऊजींनी कॉइलची टोकं मीटरला लावून पाहिली, वेढ्यांची दिशा पाहिली, आणि काउंटरवर हात आपटून हसले. "वहिनी, दुसरी उलटी भरी टाकी ना तू!"

खरं होतं. उलटीच भरली होती. मोटारीत शेजारी-शेजारी दोन कॉइल आल्या की एक सुलटी, एक उलटी भरायची, कारण एक पोल उत्तर, एक दक्षिण. पंचवीस वर्षं हात तसेच फिरले होते. दोन कॉइल शेजारी दिसल्या आणि हातांनी मला न विचारता सवयीचं काम केलं. गिटारवाला कारागीर ही चूक कधी करणार नाही. ही मोटारवालीची चूक. भाऊजी दुकानात येईल त्याला सांगत सुटले, आमच्या वहिनीने गिटारची मोटार केली, आता विहिरीत सोडा. शरमेने माझे कान तापले. मी कात्री उचलली, म्हटलं कापून टाकते आणि पुन्हा भरते.

तेवढ्यात लोटन म्हणाला, "अक्का, थांब जरासं. घुंघुं कोठे गयी?"

कात्री हातातच राहिली. वर ट्यूबलाइट जळत होती. शेजारच्या पीठगिरणीची मोटार चालू होती. भोंग्याचा आवाज पूर्ण सोडलेला होता. आणि घुंघुं नव्हती. औषधालाही नव्हती.

भाऊजी तोवर एक मोटार पोचवायला जामनेरला निघून गेले होते. ही ओळ दोनदा वाचावी. भाऊजी तेव्हा दुकानात नव्हते. दुकानात मी, लोटन आणि वेलची घातलेला चहा प्यायला आलेले कन्हैयालालशेठ होते.

मी स्टुलावर बसले आणि विचार केला. घुंघुं बाहेरून येते, दिव्यातून, गिरणीतून. तिला लोहचुंबकाशी काही देणंघेणं नाही. दोन्ही कॉइलींत ती सारखीच शिरते, आणि एक उलटी असली की एकीतली दुसरीला मारते. छान. गिटारच्या तारेचा आवाज मात्र लोहचुंबकामुळे येतो. तोही बिचारा एकमेकांना मारतोय, म्हणून कोंबडी. मग मोटारीत आपण काय करतो? कॉइल उलटी, तर पोलही उलटा. इथे पोल दोन्हीकडे सारखेच ठेवलेत. मग लोहचुंबक उलटा की, बाई!

उलट्या कॉइलखालची पट्टी काढली, उलथी करून पुन्हा बसवली. इतकंच. सगळं मिळून पाव तास.

लोटनने तार छेडली. काय आवाज होता तो! भरलेला, गोल, दुकानातल्या टांगलेल्या तारांची रिळं थरथरली. आणि त्याने हात उचलला की अशी शांतता, की भोंगा बंद आहे असं वाटावं. कन्हैयालालशेठ अर्धा कप चहा अंगावर सांडून उभे राहिले. लोटन वाजवायचा थांबेना आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी थांबेना. मीही पदराने तोंड पुसत होते, मला इतका आनंद लग्नातसुद्धा झाला नव्हता.

पुढे आखाजी. कार्यक्रम होता शिंदखेड्याला, माझ्या माहेरी. शाळेच्या मैदानावर दुपारी चारला मांडव घातलेला, जनरेटर धडधडतोय, दिवे उन्हातसुद्धा लावून ठेवलेले, हौसच तशी. मी तानुबाईशेजारी बायकांत बसले होते. सगळ्या माहेरवाशिणी झोके सोडून आल्या होत्या. लोटनने पहिला सूर काढला, आणि मैदानभर नुसता तो सूर, दुसरं काही नाही. जनरेटर बाजूला असून नाही. माणसांनी फेटे उडवले. मला वाटलं, उठून ओरडावं, हे माझं आहे.

मग माइकवरून पुकारलं, "ही गिटार ज्यांनी घडवली ते जळगावचे कारागीर, श्रीयुत पितांबर झुलाल चौधरी!"

तानुबाईने माझा दंड धरला. "अक्का, हाई तर तू करेल शे ना?"

मी म्हटलं, "गप ऱ्हाय."

भाऊजी उठले, स्टेजवर गेले, हार घालून घेतला, नारळ घेतला, शाल खांद्यावर घेतली. पुकारणाऱ्याला मी दोष देत नाही. काउंटरवर ज्याला पाहिलं त्याचंच नाव त्याच्या तोंडी येणार. भाऊजींचा दोष मी एवढाच धरते की बोलावल्यावर ते उठले. आणि माझा दोष त्याहून मोठा, मी बसून राहिले. चारचौघांत दिराचा पाणउतारा कसा करायचा, असं वाटलं. मूर्खपणा! तो माझा चांगुलपणा होता असं कोणी श्रद्धांजलीत बोलू नये.

त्यानंतर भुसावळ, नाशिक, बऱ्हाणपूरहून गिटारी येत गेल्या. वहीत आजवर त्रेपन्न नोंदी आहेत. सगळ्या मी भरल्या, एक सुलटी, एक उलटी, लोहचुंबकही एक सुलटा, एक उलटा. आणि सगळ्या काउंटरवरून भाऊजींनी दिल्या.

तरी मी जिंकले. ते असं. तीन वर्षांपूर्वी लोटनने नवी गिटार घेतली. जुनी घेऊन तो दुकानात आला. भरल्या दुकानात काउंटर ओलांडला, भाऊजी म्हणताहेत "दे इकडे, दे इकडे", तर त्यांच्याकडे पाहिलंही नाही. पडदा वर केला, गिटार माझ्या मांडीवर ठेवली आणि पाया पडला. "अक्का, हिन्यावर मी घर बांधं, बहिणीसना लगीन करात. आते हाई तुन्हाकडेच ऱ्हावाले पाहिजे." बाहेर सात-आठ गिऱ्हाइकं बघत होती. पडदा मी त्याच दिवशी काढला आणि त्याची पुसणी केली. गेली तीन वर्षं मी सगळ्यांना दिसेल अशी बसते. काही लोक अजूनही माझ्याकडे बघून विचारतात, पितांबरभाऊ कुठे आहेत? मी म्हणते, बेअरिंग ठोकताहेत, तुमचं काम काय ते मला सांगा.

सदर गिटार सौ. प्रमिला हिला देत आहे. ती विकू नये. दुकानात दर्शनी भिंतीवर, पाठ पुढे करून टांगावी. पाठीमागचं झाकण काढून त्या जागी पारदर्शक प्लॅस्टिक बसवावं, म्हणजे आतला टाका न् टाका दिसेल. लोटन मागायला आला तर मात्र वाजवायला द्यावी, दिवसभर.

कलम ७. मी आज हे का लिहितेय? गेल्या दिवाळीत प्रमिलाने पहिली गिटार एकटीने भरली. वेढा कुठे चढला नाही, तार एकदाही तुटली नाही, माझी तीनदा तुटली होती. नाशिकच्या गिऱ्हाइकाने वाजवून पाहिली आणि वा म्हटलं. तर भाऊजी काउंटरवरून म्हणाले, "माझ्याच हाताखाली तयार झालीय." प्रमिला खाली मान घालून सोल्डर लावत राहिली. अगदी मी शिंदखेड्याला बसले होते तशीच. ते मला बघवलं नाही.

म्हणून माझी सूचना. पाटी बदलावी. तिच्यावर 'प्रमिला मिस्तरी' असं लिहावं, खाली 'मोटार व गिटार वाइंडिंग'. तिच्या नवऱ्याचं, बापाचं, माझंही नाव त्यावर नको. माझं नाव या कागदात आलंय तेवढं पुरे.

कलम ८. शिंदखेड्याची ती शाल भाऊजी अजून थंडीत पांघरतात. खरं तर ती माझी आहे. मी ठरवलं होतं की ती आता मी या कागदातून त्यांना देऊन टाकावी, म्हणजे त्यांच्या खांद्यावर ती रीतसर येईल. पण वकीलसाहेब म्हणाले, ज्याला मृत्युपत्रातून काही मिळतंय त्याला साक्षीदार करू नका, पुढे भानगड होते. आणि साक्षीदार म्हणून मला तेच पाहिजेत. तेव्हा नाइलाज आहे. शालसुद्धा प्रमिलाची.

कलम ९. माझ्यामागे दुकान तीन दिवसांच्या वर बंद ठेवू नये. लोकांच्या बागा सुकतात.

कलम १०. साक्षीदार. एक कन्हैयालालशेठ, कारण लोहचुंबक उलटा केला तेव्हा ते समोर होते. दुसरे पितांबरभाऊजी, कारण ते नव्हते.

भाऊजींना मी सकाळी बोलावलं. म्हटलं, सही पाहिजे. ते म्हणाले, "दे, कोठे करू?" मी म्हटलं, आधी वाचा. ते म्हणाले, साक्षीदाराने वाचायचं नसतं, नुसतं करणाऱ्याची सही बघायची असते. कायदा बरोबर सांगितला त्यांनी. मी म्हटलं, हे मृत्युपत्र वेगळं आहे, वाचल्याशिवाय सही केलीत तर मी फाडून टाकीन आणि परत लिहीन, आणि दुसऱ्या खेपेला जास्त लिहीन.

चष्मा लावून बसले. पहिली तीन पानं वाचताना दोनदा हसले. सहाव्या कलमावर आले तसे हसायचे थांबले. पान उलटलं, पुन्हा मागे आले. मग कागद टेबलावर ठेवून बाहेर गेले आणि रिक्षा स्टँडपाशी बराच वेळ पाठमोरे उभे राहिले. प्रमिला म्हणाली, "मोठीआई, जाऊ दे ना, राहू दे ते कलम." मी म्हटलं, तू तुझी कॉइल भर.

आता ते परत आत आलेत. पेन मागताहेत. मी कागद त्यांच्याकडे सरकवते. याच्यापुढे माझं अक्षर नाही, सहीपुरतंच.

लिहून ठेवणार : झुंबरबाई सुकदेव चौधरी, मोटार व गिटार वाइंडिंग

साक्षीदार क्रमांक एक : कन्हैयालाल पन्नालाल ओस्तवाल, तारेचे व्यापारी, जळगाव. बाईंनी माझ्यासमोर सही केली. लोहचुंबक यांनीच उलटा केला, माझ्या धोतरावर चहाचा डाग पडला होता.

साक्षीदार क्रमांक दोन : मी पितांबर झुलाल चौधरी लिहून देतो की, वहिनींनी माझ्यासमोर सही केली. मी सर्व पाने वाचली. सहाव्या कलमात एक चूक आहे, ती दुरुस्त करावी. माइकवाल्याने काउंटरवर पाहिलेल्या माणसाचे नाव घेतले असे वहिनींनी लिहिले आहे. तसे नाही. तो मला ओळखत नव्हता. माझ्या नावाची चिठ्ठी मी स्वतः लिहून कार्यक्रमाआधी त्याच्या हातात दिली होती. वहिनींना हे माहीत नव्हते. कोणालाच नव्हते. बाकी सर्व खरे आहे. कॉइल वहिनींनी भरली. सगळ्या त्यांनीच भरल्या. मला भरता येत नाही. प्रमिला माझ्या हाताखाली शिकली नाही.

सही : पि. झु. चौधरी

चिठ्ठीची दुरुस्ती वाचली. सहावे कलम खोडू नये, दोन्ही तसेच राहू द्यावे. साक्षीदार क्रमांक दोन अजून टेबलापाशीच बसले आहेत. त्यांना चहा मी आज शेवटचा करून देते. झुं. सु. चौधरी

ठिकाण : जळगाव
दिनांक : १२ फेब्रुवारी १९९६